छाती-पोटातल्या पाण्यावरून मेसोथेलियोमाचं निदान: नमुना, सेल ब्लॉक, मार्कर आणि रिपोर्ट

अणुवीक्षक

छातीत किंवा पोटात साठलेल्या पाण्यातल्या पेशी पाहून मेसोथेलियोमा, म्हणजे छाती-पोटाच्या आतल्या आवरणाचा कर्करोग, सांगता येतो का, हा प्रश्न इथे वेगवेगळ्या धाग्यांत विखरून येत असतो. एकत्र चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगते: सांगता येतो. पण दोन प्रश्न ठरलेल्या क्रमाने सोडवले तरच.

पहिला प्रश्न, दिसणाऱ्या पेशी मेसोथेलियल, म्हणजे त्या आवरणाच्याच, आहेत की दुसऱ्या अवयवातून आलेल्या कर्करोगाच्या, म्हणजे कार्सिनोमाच्या? दुसरा प्रश्न, मेसोथेलियल असतील तर त्या नुसत्या चिडलेल्या, म्हणजे रिॲक्टिव्ह आहेत, की कर्करोगाच्या? बहुतेक घोटाळे हे दोन प्रश्न एकात मिसळल्याने होतात. कॅलरेटिनिन हा मार्कर, म्हणजे ठरावीक प्रथिन रंगवून दाखवणारी चाचणी, पॉझिटिव्ह आला की "मेसोथेलियोमा" लिहून मोकळं होणं ही त्यातली सगळ्यात मोठी चूक. कॅलरेटिनिन फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतं. सिरोसिसच्या पाण्यातल्या निरुपद्रवी मेसोथेलियल पेशीही तितक्याच ठळक रंगतात.

मर्यादाही सांगायला हवी. वेगवेगळ्या अभ्यासांत पाण्यावरून मेसोथेलियोमा सापडण्याचं प्रमाण साधारण ३० ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान आहे. एवढी तफावत येण्याची दोन कारणं. सार्कोमॅटॉइड, म्हणजे लांबट पेशींचा, प्रकार पाण्यात पेशी जवळजवळ सोडतच नाही, त्यामुळे तिथे पाणी गप्प असतं. आणि एपिथेलिऑइड, म्हणजे गोलसर पेशींचा, प्रकार भरपूर पेशी सोडतो, पण त्या दिसायला इतक्या सौम्य असतात की पाहणारा "रिॲक्टिव्ह" म्हणून पुढे जातो. २०१५ साली एपिथेलिऑइड आणि मिश्र प्रकारासाठी पेशीनिदानाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली आणि बॅप-१, एमटॅपसारखे मार्कर हाताशी आले. आता "पाण्यावरून मेसोथेलियोमा कधीच सांगू नये" या जुन्या सूत्राला चिकटून राहण्याचं कारण उरलेलं नाही.

सुरुवात नमुन्यापासून करूया. मायक्रोटोम, तुम्ही लिहाल का?

मायक्रोटोम

लिहितो. निम्मं निदान इथेच होतं किंवा बिघडतं.

किती पाणी पाठवायचं: ५० मिलीच्या खाली समाधान मानू नका, आणि मेसोथेलियोमाची शंका असेल तर जितकं काढलंय तितकं सगळं पाठवा. दीड लिटर पाणी काढून त्यातलं १० मिली पॅथॉलॉजीला आणि उरलेलं सिंकमध्ये, हे थांबलं पाहिजे. बाटली तळाशी बसू देऊन वरचं पाणी ओतून टाकता येतं, पण ते काम लॅबचं, वॉर्डाचं नाही.

गोठू नये म्हणून हेपॅरिन, दर मिलीला ३ युनिट. म्हणजे १०० मिलीच्या बाटलीत ३०० युनिट, १००० युनिट प्रति मिलीची व्हायल असेल तर ०.३ मिली. ५००० युनिट प्रति मिलीची व्हायलही मिळते, तेव्हा लेबल वाचून घ्या. बाटलीत फॉर्मालिन किंवा स्पिरिट घालू नका. पाणी ताजं, तसंच पाठवायचं. लगेच पाठवता येत नसेल तर ४ अंशांवर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. पाण्यात प्रथिनं असतात, त्यामुळे फ्रिजमध्ये पेशी दोन-तीन दिवस बऱ्या राहतात. उन्हाळ्यात खोलीत बाटली रात्रभर राहिली तर मात्र सकाळी केंद्रकं फुगलेली मिळतात.

सेंट्रीफ्यूज: ६०० जी, १० मिनिटं. १५ सेंमी त्रिज्येच्या रोटरला हे साधारण १९०० आरपीएम होतं. आपल्या रोटरची त्रिज्या मोजा, दुसऱ्या लॅबचा आरपीएम उचलू नका.

मेसोथेलियोमाचं पाणी कधी कधी मधासारखं दाट, ताणलं तर तार सुटणारं असतं. ते हायलुरोनिक ॲसिडमुळे. अशा पाण्यात पेशी नीट तळाला बसत नाहीत. सलाइन समप्रमाणात घालून पातळ करा आणि जास्त वेळ फिरवा. रक्ताळ नमुन्यातल्या लाल पेशी फोडायला काही जण ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड घालतात. दाट पाण्यात ते घातलं तर हायलुरोनिक ॲसिड प्रथिनांसकट साकळतं, गोळा होतो आणि पेशी त्यात अडकतात. तिथे बफी कोट, म्हणजे लाल पेशींच्या वरचा पांढरट थर, उचलणं बरं.

तळाच्या गाळातून किमान चार स्लाइड. दोन हवेत वाळवून मे-ग्रुनवाल्ड-गिम्सा रंगाला, दोन ओल्या असतानाच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये पॅप रंगासाठी. उरलेला गाळ सगळाच्या सगळा सेल ब्लॉकला, म्हणजे गाळाची गोळी करून मेणात बसवून पट्ट्या कापायला.

सेल ब्लॉक प्लाझ्मा-थ्रोम्बिनने करत असाल तर: गाळ सलाइनने दोनदा धुवा, दोन थेंब प्लाझ्मा, हलवा, दोन थेंब थ्रोम्बिन, पुन्हा हलवा. एक-दोन मिनिटांत गोळी धरते. नाही धरली तर दोन कारणं पहिल्यांदा तपासा. हेपॅरिन धुतलं गेलं नाही, ते थ्रोम्बिनला अडवतं. किंवा कुणी तरी आधीच फॉर्मालिन घातलंय. गोळी धरली की लेन्स पेपरमध्ये गुंडाळून कॅसेटमध्ये आणि १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये किमान ६ तास.

बाटलीत आपोआप साकळलेला फायब्रिनचा गोळा कधीच टाकू नका. जाळ्यात मासळी अडकावी तशा पेशी त्यात अडकलेल्या असतात. तोच चिरून ब्लॉकमध्ये घ्या.

एमडी_दुसरं_वर्ष

धन्यवाद सर. स्लाइडवर नेमकं काय शोधायचं? पुस्तकात "मेसोथेलियल पेशींचे मोठे समूह" एवढंच वाचलंय, पण तसे समूह हृदयविकाराच्या पाण्यातही दिसतात.

अणुवीक्षक

खरं आहे, म्हणूनच एकेका खुणेवर भरवसा ठेवायचा नाही, खुणांचा गठ्ठा पाहायचा.

४ च्या लेन्सवर सुरुवात करा. स्लाइड पेशींनी गच्च भरलेली आहे का? समूह किती मोठे आहेत? रिॲक्टिव्ह पाण्यात पाच-दहा, फार तर वीस-पंचवीस पेशींचे चपटे पुंजके असतात. मेसोथेलियोमात शंभराहून जास्त पेशींचे, तिन्ही मितींत फुगलेले गोळे असतात, आणि त्यांची कड गुळगुळीत नसते. प्रत्येक पेशी बाहेर फुगवटा काढून बसलेली असते. ॲडिनोकार्सिनोमाच्या, म्हणजे ग्रंथींच्या कार्सिनोमाच्या, गोळ्याची कड बहुतेकदा एकसंध, रेखीव दिसते. हा फरक लहान लेन्सवरच छान कळतो, मोठी लेन्स लावली की हरवतो.

मग गोळ्याच्या आत पाहा. गिम्सावर मधोमध गुलाबी-जांभळा, एकजिनसी गाभा दिसतो का? तो कोलॅजनचा किंवा बेसमेंट मेम्ब्रेनचा पदार्थ. असा गाभा असलेले अंगठ्यासारखे पॅपिलरी तुकडे भरपूर असतील तर माझं पारडं कर्करोगाकडे झुकतं. पोटातल्या धुवणाच्या नमुन्यात मात्र सावध राहा, तिथे निरुपद्रवी कोलॅजनचे गोळेही सापडतात.

आता ४० ची लेन्स. दोन पेशींमध्ये फट, म्हणजे "खिडकी". पेशीच्या मध्याकडे सायटोप्लाझम दाट आणि कडेला फिकट, कड धूसर. एका पेशीने दुसरीला मिठी मारल्यासारखी रचना, कडेला कुबडासारखा फुगवटा. पॅपवर नारिंगी रंगाच्या, केंद्रक आक्रसलेल्या लहान पेशी. यांना स्क्वेमस समजून फसणारे पुष्कळ. दोन, तीन किंवा जास्त केंद्रकं. मोठं, ठसठशीत न्यूक्लिओलस.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सगळ्या पेशी एकाच घराण्यातल्या वाटतात. अगदी साध्या मेसोथेलियल पेशीपासून राक्षसी पेशीपर्यंत सलग चढण दिसते. कार्सिनोमात बहुधा दोन वेगळ्या जमाती दिसतात, घरच्या आणि परक्या. परकी जमात सापडत नाही म्हणून "कर्करोग नाही" असं लिहिलं जातं आणि मेसोथेलियोमा तिथेच निसटतो.

केंद्रकाच्या विकृतीवर विसंबू नका. न्यूमोनियानंतरच्या किंवा फुफ्फुसाच्या इन्फार्क्शनच्या (रक्तपुरवठा तुटून भाग मरण्याच्या) पाण्यातल्या रिॲक्टिव्ह पेशी कित्येकदा मेसोथेलियोमापेक्षा भयंकर दिसतात.

एमडी_दुसरं_वर्ष

समजा अशी स्लाइड आहे, सेल ब्लॉकवर कॅलरेटिनिन आणि डब्ल्यूटी-१ दोन्ही पॉझिटिव्ह. पुढे?

रंगद्रव्य

एवढ्यावर पहिला प्रश्नही पुरता सुटत नाही. किमान दोन मेसोथेलियल मार्कर पॉझिटिव्ह आणि किमान दोन कार्सिनोमाचे निगेटिव्ह, असा जोड हवा.

मेसोथेलियल बाजूने कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१, डी२-४०, सीके५/६. कॅलरेटिनिन केंद्रकात हवं, नुसतं सायटोप्लाझममध्ये असेल तर मोजू नका. डब्ल्यूटी-१ फक्त केंद्रकातलं ग्राह्य. डी२-४० पेशीच्या कडेवर. कार्सिनोमाच्या बाजूने क्लॉडिन-४ पहिलं घ्या, कारण मूळ अवयव कोणताही असो, बहुतेक ॲडिनोकार्सिनोमा त्यात रंगतात आणि मेसोथेलियल पेशी रंगत नाहीत. जोडीला बेर-ईपी४ किंवा एमओसी-३१. बेर-ईपी४ थोड्या मेसोथेलियोमांमध्ये ठिपक्याठिपक्यांनी येतं, तेवढ्यावर कार्सिनोमा म्हणू नका. मग संशयाप्रमाणे अवयवाचे: फुफ्फुसासाठी टीटीएफ-१ आणि नॅप्सिन-ए, स्क्वेमसचा संशय असेल तर पी४०. सीके५/६ स्क्वेमसमध्येही ठळक येतं, तिथे घसरायला होतं.

स्त्रीच्या पोटातल्या पाण्यात डब्ल्यूटी-१ ची किंमत शून्य समजा. अंडाशयाचा सिरस कार्सिनोमाही डब्ल्यूटी-१ पॉझिटिव्ह असतो. तिथे पॅक्स-८, ईआर, क्लॉडिन-४ विरुद्ध कॅलरेटिनिन आणि डी२-४० अशी लढत लावायची.

दुसरा प्रश्न इथून सुरू होतो. बॅप-१ आणि एमटॅप, दोन्ही एकदमच मागवा. यांत रंग येणं म्हणजे प्रथिन शाबूत, रंग हरवणं म्हणजे कर्करोग. सगळ्या पॅनेलमध्ये हे दोनच उलटे चालतात, त्यामुळे नवशिक्या डोळ्याला सवय लागायला वेळ लागतो.

बॅप-१ केंद्रकात पाहायचं. एपिथेलिऑइड मेसोथेलियोमांपैकी निम्म्याहून थोड्या जास्तमध्ये ते हरवलेलं असतं, सार्कोमॅटॉइडमध्ये बरंच कमी वेळा. केंद्रक कोरं आणि सायटोप्लाझम रंगलेलं, हेही हरवणंच. एमटॅप सायटोप्लाझममध्ये पाहायचं. गुणसूत्र ९ वरच्या पी२१ पट्ट्यात एमटॅपचं जनुक सीडीकेएन२ए च्या शेजारीच आहे. पट्टा उडाला की बहुधा दोन्ही एकत्र उडतात, म्हणून एमटॅप हा स्वस्तातला प्रतिनिधी.

तीन इशारे. एक, एमटॅप कार्सिनोमांतही हरवतं. म्हणून ते "मेसोथेलियल" असल्याचा पुरावा नाही, पहिला प्रश्न सुटल्यावरच त्याला अर्थ. दोन, बॅप-१ शाबूत आहे म्हणून मेसोथेलियोमा नाही असं कधीही म्हणता येत नाही. तीन, त्याच पाण्यात रिॲक्टिव्ह मेसोथेलियल पेशीही मिसळलेल्या असतात, त्या रंगणारच. मोठे गोळे कोरे आणि सुट्या पेशी रंगलेल्या, असं चित्र असेल तर गोळ्यांचं ऐका.

मायक्रोटोम

बॅप-१ बद्दल एक भर. त्याच स्लाइडवरच्या लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज रंगलेल्या दिसल्याच पाहिजेत. त्या कोऱ्या असतील तर चाचणी फसली आहे, "बॅप-१ हरवलं" असं लिहायचं नाही. असं होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ब्लॉक अल्कोहोलमध्ये फिक्स झालेला. तुमचा अँटीबॉडीचा प्रोटोकॉल फॉर्मालिनच्या टिश्यूवर बसवलेला असेल तर अल्कोहोलच्या ब्लॉकवर तो चालेलच असं नाही. लिक्विड-बेस्ड व्हायलमधला उरलेला गाळ ब्लॉकला घेणाऱ्यांनी स्वतःच्या कंट्रोलवर आधी पडताळून घ्यावं.

एमडी_दुसरं_वर्ष

ईएमए आणि डेस्मिन आमच्याकडे आहेत, बॅप-१ नाही. त्यावर भागेल का?

रंगद्रव्य

दिशा मिळेल, निकाल नाही. ईएमए, ई२९ क्लोन (अँटीबॉडीचा एक ठरावीक वाण), पेशीच्या कडेवर जाड रेघेसारखं आणि डेस्मिन कोरं असेल तर मेसोथेलियोमाकडे कल. डेस्मिन रंगलेलं आणि ईएमए कोरं असेल तर रिॲक्टिव्हकडे. पण दोन्हीकडे अपवाद पुरेसे आहेत, एकट्या रुग्णावर पैज लावण्यासारखं हे नाही. क्लोनही बघा, दुसऱ्या क्लोनवर हा नियम तसाच लागू होत नाही. ग्लूट-१ आणि पी५३ ची गतही हीच. ब्लॉक बॅप-१ आणि एमटॅप असलेल्या केंद्राकडे पाठवणं कधीही बरं.

दोन्ही शाबूत आले आणि संशय तरी कायम असेल, तर त्याच ब्लॉकवर पी१६ चं फिश, म्हणजे जनुकाच्या प्रती चमकत्या रंगाने मोजणारी चाचणी. सीडीकेएन२ए च्या दोन्ही प्रती उडालेल्या दिसल्या तर रिॲक्टिव्हचा प्रश्न मिटतो. छातीतल्या मेसोथेलियोमात हे बऱ्याच वेळा सापडतं, पोटातल्यात खूप कमी. म्हणून पोटातल्या पाण्यात आधी बॅप-१ वर भर.

श्वासपटल

छातीच्या डॉक्टरच्या बाजूने लिहितो. आपल्याकडे एका बाजूला पाणी, त्यात लिम्फोसाइट जास्त आणि एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) ४० च्या वर, म्हणजे टीबी धरून औषधं सुरू होतात. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण मेसोथेलियोमाचं पाणीही लिम्फोसाइटांनी भरलेलं असू शकतं आणि एडीए त्यातही वाढलेलं सापडलं आहे. पॅथॉलॉजीकडून एक गोष्ट हमखास कळवली गेली तर फार उपयोग होतो: टीबीच्या पाण्यात मेसोथेलियल पेशी अगदी कमी, साधारण ५ टक्क्यांच्या आत असतात. "एडीए जास्त, पण मेसोथेलियल पेशींचे गोळेच गोळे" असं चित्र असेल तर टीबीवर शिक्कामोर्तब करण्याआधी थांबायला हवं.

सीटी काँट्रास्ट देऊनच करा, आणि शक्य असेल तर पाणी काढल्यानंतर, म्हणजे आवरण दिसतं. आवरण १ सेंमीपेक्षा जाड, गाठीगाठीचं, फुफ्फुसाला चहूबाजूंनी वेढणारं, मध्यभागाकडच्या आवरणालाही धरलेलं, या चार खुणा. एक्स-रेवर पाणी भरपूर असूनही श्वासनलिका पलीकडे सरकलेली नाही, हाही इशारा आहे. आक्रसलेलं आवरण ती बाजू आत ओढून धरतं.

माझा प्रश्न: पाण्यावर बॅप-१ हरवलेलं आलं तर थोरॅकोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने छातीच्या आत पाहून तुकडा काढणं, टाळावी का? वयस्कर, दमलेल्या रुग्णात हा रोजचा पेच असतो.

अणुवीक्षक

पाण्यावरून आक्रमण दिसत नाही, ही खरी अडचण. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात "मेसोथेलियोमा इन सिटू" आहे. त्यात आवरणावर पेशींचा एकच थर असतो, बॅप-१ किंवा एमटॅप हरवलेलं असतं, पाणी पुन्हा पुन्हा भरतं, पण आत शिरकाव नसतो. त्याचं पाणी आणि आक्रमक रोगाचं पाणी मार्करवर सारखंच दिसू शकतं. म्हणून स्कॅनवर जाड, गाठाळ आवरण असेल आणि पाण्यावर दोन्ही प्रश्न स्वच्छ सुटले असतील तर माझ्या मते निदान पुरेसं आहे, अशक्त रुग्णाला भूल देण्याचा हट्ट नको. स्कॅन स्वच्छ असेल तर बायोप्सीशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरं, उपप्रकार. मिश्र प्रकारातला सार्कोमॅटॉइड भाग पाण्यात उतरत नाही. पाण्यावर एपिथेलिऑइड दिसतंय म्हणून ट्यूमर निखळ एपिथेलिऑइड आहे असं लिहिता येत नाही. शस्त्रक्रिया किंवा इम्युनोथेरपीचा निर्णय उपप्रकारावर टेकणार असेल तर ऊतीचा तुकडा हवाच.

श्वासपटल

पटलं. आणि पाणी किती वेळा पाठवायचं?

अणुवीक्षक

दोनदा. जुन्या साठलेल्या पाण्यातल्या पेशी कुजलेल्या असतात. काही दिवसांनी पुन्हा भरलेल्या पाण्यात ताज्या पेशी मिळतात, म्हणून दुसरा नमुना उपयोगी. तिसऱ्या-चौथ्याने फारसं हाती लागत नाही, नुसते आठवडे जातात. दुसऱ्यानंतर संशय कायम असेल तर थोरॅकोस्कोपीने बायोप्सी.

रिपोर्टच्या शब्दांबद्दल. २०२० च्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत पाच पायऱ्या आहेत: निदानास अपुरा, कर्करोग आढळला नाही, अनिश्चित विकृती, कर्करोगाचा संशय, कर्करोग. गोळे, गाभे, मेसोथेलियल मार्कर सगळं जुळतंय पण बॅप-१ आणि एमटॅप शाबूत किंवा केलेलेच नाहीत, तर "संशय" ही पायरी आणि खाली नेमकं काय हवं ते: "बॅप-१, एमटॅप किंवा पी१६ फिश करावं, सीटीशी ताळमेळ घालावा." "ॲटिपिकल मेसोथेलियल पेशी, क्लिनिकली जुळवून पाहावे" हे वाक्य एकटं सोडू नका, वाचणाऱ्याला त्यातून पुढचं पाऊल कळत नाही.

कोकणकडा

व्यवसायजन्य आरोग्याच्या बाजूने थोडं. १९६० साली दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातून वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी ३३ मेसोथेलियोमा नोंदवले आणि निळ्या ॲस्बेस्टॉसशी संबंध ठळक झाला. संपर्क आणि आजार यांत २० ते ४० वर्षं, कधी त्याहून जास्त अंतर असतं. म्हणून "सध्या काय काम करता" हा प्रश्न निरुपयोगी. पत्र्यांचा किंवा पाइपांचा कारखाना, बॉयलरची लॅगिंग (उष्णता अडवणारं वेष्टण), ब्रेक लायनिंग, मुंबईच्या दारुखाना भागात किंवा गुजरातेत अलंगला जहाजं तोडण्याचं काम, असं नाव घेऊन विचारा. घरी धुळीचे कपडे कोण धुवायचं हेही विचारा. बायका आणि मुलं त्यातूनच सापडतात. पण इतिहास नाही म्हणून निदान नाकारू नका, आणि आहे म्हणून मार्कर वगळू नका.

रिपोर्टचा शब्द इथे पैशाचाही आहे. कामगारांच्या सामाजिक सुरक्षेच्या कायद्यात ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलियोमा व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस कारखान्यांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षं जपायला सांगितलं. ब्लॉक आणि स्लाइड कुटुंबाने मागितल्या तर मिळतील अशा ठेवा.

एमडी_दुसरं_वर्ष

शेवटचं एक. ब्लॉक लहान असेल तर कापायचा कसा? पॅनेल पुरत नाही.

मायक्रोटोम

एकाच बैठकीत १२ ते १५ कोऱ्या पट्ट्या कापून घ्या, ४ मायक्रॉन, चार्ज्ड स्लाइडवर, क्रमांक टाकून. ब्लॉक दर वेळी नव्याने मशीनवर चढवला की पृष्ठभाग सपाट करण्यातच गाळ वाया जातो. पहिली आणि शेवटची नेहमीच्या एच-अँड-ई रंगाला, म्हणजे मधल्यांत पेशी होत्या याची खात्री. मग क्रम: कॅलरेटिनिन, क्लॉडिन-४, बॅप-१, एमटॅप. त्यानंतर डी२-४० किंवा डब्ल्यूटी-१, आणि बेर-ईपी४. दोन पट्ट्या फिशसाठी राखून ठेवा. कापलेल्या पट्ट्यांची अँटिजेनं काही आठवड्यांत फिकी पडू लागतात, म्हणून ४ अंशांवर ठेवा आणि मार्कर लवकर उरका. जुन्या पट्टीवर बॅप-१ कोरं आलं तर आधी शेजारच्या लिम्फोसाइट पाहा.